करंगळीजवळच्या बोटाचा घट्टा

लग्नात हातात हात दिले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याच्या मुठीत खडा आहे. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, तरी तो खडा काही खाली पडेना. दोन दिवसांनी सासरी उजेडात नीट पाहिलं तर तो खडा नव्हताच. उजव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाला, आतल्या बाजूने, घट्टा होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पिवळट आणि कडक. मी उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी. विणकराच्या हाताला घट्टे पडतात हे मला शिकवायला नको. पण ते तळव्यावर पडतात. या बोटाच्या या जागी घट्टा पडावा असं मागावर कुठलंच काम नाही.

सासूला विचारलं. ती म्हणाली, "चेंडूचा हाय वं. त्याले हात नको लावू, तो चिडते."

तो चिडते म्हणजे माझा नवरा. मी त्यांना अहो-जाहो करत आले, इथेही तसंच लिहीन.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं. आमचं घर कोष्टीपुऱ्यात. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत चूल, परसात विहीर आणि सूत रंगवायची जागा. एका मागावर सासरे, दुसऱ्यावर हे. दोन्ही मागांवर रेशीमकाठी लुगडी. गल्लीत रेशमाचं काम करणारी घरं मोजकी होती आणि सासऱ्यांना त्याचा ताठा होता. बाकीच्यांना ते 'पंचेवाले' म्हणायचे, तेही त्यांच्या तोंडावर.

हे दुपारपर्यंत मागावर बसायचे आणि मग सायकलीने धंतोलीकडे जायचे. तिथे शिकलेल्या मुलांचा एक क्रिकेटचा क्लब होता. यांना सुरुवातीला त्यांनी नुसतं सरावाला घेतलं होतं. म्हणजे ही मुलं हातात बॅट घेऊन पाळीपाळीने उभी राहणार आणि यांनी अंधार पडेपर्यंत चेंडू टाकायचा. यांच्या हातात बॅट कोणी देत नव्हतं. दोन वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की या कोष्ट्याचा चेंडू त्यांच्यातल्या कोणालाच नीट खेळता येत नाही. मग यांना खेळायला घेतलं.

लेगस्पिन म्हणजे काय ते यांनी मला पुढे एकदा परसात कवठ हातात घेऊन दाखवलं. शिवणीवर हे बोट अडकवायचं, मनगट फिरवायचं आणि सोडताना बोटाने ओढ द्यायची. चेंडू खेळणाऱ्याच्या पायाकडे येतो असं वाटतं, आणि टप्पा पडला की बाहेर पळतो. दिवसभर टाकला की बोट सोलतं. वर्षानुवर्षं टाकला की घट्टा पडतो, आणि मग बोट सोलत नाही. यांना त्या घट्ट्याला चार वर्षं लागली होती.

पण तोच घट्टा रेशमाला आडवा यायचा. काठाचा धागा बोटाने सारखा करताना रेशीम त्याला अडकायचं आणि कुसळ निघायचं. सासरे आपला माग थांबवून ओरडायचे, "बोट हाय का कानस बे? रेशीम विणून राहिला का लाकूड घासून राहिला?"

हे कुसळ थुंकीने बसवायचे आणि पुढे विणायचे.

मी यायच्या आधीच घरात एक बोलणं झालेलं होतं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला कोण सांगतो? शहरातल्या एका गिरणीची क्रिकेटची टीम होती. चांगल्या खेळणाऱ्याला गिरणी नोकरीच द्यायची. नाव खात्यात, काम मैदानावर. त्या हिवाळ्यात त्यांना एक गोलंदाज हवा होता, आणि शहरातल्या पोरांबरोबर दोन दिवसांची मॅच ठेवून त्यातून ते निवडणार होते. आमच्या घरात गिरणी म्हणजे शत्रू. गिरणीचं लुगडं घरात कोणी नेसत नव्हतं. तरी सासऱ्यांनी मुलाला एक संधी दिली होती. म्हणाले होते, "एकदा करून पाह्य. घेतलं तर जाय, मी अडवत नाही. नाही घेतलं, तर हे बोट रेशमाचं. मंग चेंडू घरात दिसला नाही पायजे."

यांनी कबूल केलं होतं. हे कबूल करत ते पाळत, एवढी एक वाईट खोड होती.

मला सासरी येऊन दोन महिने झाले आणि दोन्ही मागांवर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढायचा दिवस आला. आमच्या उमरेडच्या घरी त्या दिवशी एक रीत होती. जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा बोटांनी पीळ देऊन सांधायचा असतो, हजारो धागे. हात खरखरीत असला तर रेशीम तुटतं. म्हणून घरातली बाई सकाळी पुरुषांचे हात गरम पाण्यात भिजवायची, वजरीने घासायची आणि तिळाचं तेल चोळायची. माझी आई वडलांचे आणि काकांचे हात असे करायची की बाळाचे वाटावेत. सासरी ही रीत नव्हती. सासूला संधिवात, तिच्याने घासणं होत नसे.

मी विचार केला, दोन महिने नुसत्या भाकरी थापल्या, आता आपण काय शिकून आलो ते दाखवावं. घंगाळात गरम पाणी घेतलं. सासऱ्यांचे हात आधी केले. त्यांचा हात आधीच मऊ होता, तरी ते खूश झाले. मग हे बसले. मी यांचा उजवा हात पाण्यात धरला. चांगला भिजू दिला. तो घट्टा फुगून पांढरा झाला. मग वजरी घेतली आणि घासायला लागले.

सासू आत होती. सासरे बघत होते आणि काही बोलले नाहीत. पुढे मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मले वाटलं त्यानंच सांगितलं असन." हे तर माझ्या समोरच बसले होते. एकदा हात थोडा मागे घेतला, मी ओढून परत धरला. मला वाटलं गुदगुल्या होतात. अर्ध्या तासात तो घट्टा साफ निघाला. खाली गुलाबी कातडी. त्यावर मी तेल चोळलं आणि म्हणाले, "आता पाहा, रेशीम कसं सरकते."

"उमरेडची पोट्टी हाय बाप्पा," सासरे म्हणाले. "हात कशाले म्हणते ते हिले समजते."

त्या दिवशी यांच्या मागावर एकही धागा तुटला नाही. मी दिवसभर मिरवले.

चौथ्या दिवशी मॅच होती. तेव्हाही मला एवढंच माहीत की हे खेळायला चालले. संध्याकाळी परत आले तेव्हा बरोबर त्यांचा कप्तान होता. धंतोलीच्या वकिलाचा मुलगा, पांढरी पँट घातलेला, उंच. आमच्या दाराशी वाकावं लागायचं म्हणून तो बाहेरच उभा राहिला. यांच्या हाताला रुमाल बांधलेला आणि रुमाल लाल.

"काका," तो सासऱ्यांना म्हणाला, "याच्या बोटाला झालं काय? दुसऱ्याच ओव्हरमध्ये कातडी सोलली. मारलं यार त्यांनी, असं मारलं! हा आपला टाकून राहिला, टाकून राहिला, चेंडू वळतच नाही. मी विचारलं घट्टा कुठे गेला, तर हा हसते."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढून दाराआड उभी होते.

"सूनबाईनं घासला," ते म्हणाले.

"घासला?" कप्तान दारात वाकून आत बघायला लागला. "वहिनी, चार वर्षांचा होता तो!"

"मले काय मालूम?" मी आतूनच म्हणाले. "कोणी सांगितलं मले?"

"अन उद्या गिरणीचे साहेब ठरवणार आहेत. उद्याच!" असं म्हणून तो सायकलीवर बसून गेला. मग सासूने मला ती अट सांगितली. चुलीवर भाकरी होती, ती करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे विहिरीवर तोंड धुवत होते. मी मागून गेले.

"अवो, मी घासत होते तवा तोंड शिवलं होतं का तुमचं? बोलले काहून नाही?"

हे चूळ भरत राहिले. मग म्हणाले, "तू एवढी मन लावून करून राहिली होती. घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली. कसं सांगू?"

मी कपाळावर हात मारला. माणूस चांगला असावा, पण इतका नको. मी त्यांना तिथेच बसायला सांगितलं.

परसात सूत रंगवायच्या जागी हिरडा आणि तुरटी कायमच असायची. रंग धरावा म्हणून सूत त्यात भिजवतात. आणि हिरड्याच्या पाण्यात रोज हात घालणाऱ्या बाईची बोटं कशी होतात ते मी माझ्या मावशीचं पाहिलं होतं. चामड्यासारखी होतात, घट्ट. मी हिरडा कुटला, तुरटी टाकली आणि पाणी उकळलं. घाईत जे भांडं हाताशी आलं ते घेतलं, ती होती लोखंडी कढई. पाणी कोमट झाल्यावर यांचं बोट त्यात बुडवलं. उघड्या मासाला तुरटी लागली. हे खालचा ओठ दाताखाली धरून बसले, पण बोट काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी मनगट सोडलं नाही.

बोट बाहेर काढलं तर काळंकुट्ट. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते हे मला माहीत होतं. घाईत ध्यानात राहिलं नाही.

सासरे दात घासत परसात आले. बघत उभे राहिले.

"सूत रंगवून राहिली का नवरा?"

यांना हसू आलं. मलाही आलं असतं, पण माझे डोळे भरलेले होते आणि मला ते कोणाला दाखवायचे नव्हते.

मैदानावर काय झालं ते मला यांनी आणि कप्तानाने तुकड्यातुकड्याने सांगितलं. अंपायरने ते बोट पाहून खेळ थांबवला. बोटाला काही लावलंय, चेंडूला लागेल, म्हणाला. ओल्या फडक्याने पुसलं, रंग निघेना. वास घेतला. शेवटी विचारलं, "हे सडलं आहे का?" हे म्हणाले, "नाही साहेब, बायकोनं केलं." सगळे हसले आणि खेळ पुढे चालू झाला.

कातडी आकसली होती. सहा ओव्हर ती टिकली. त्या सहा ओव्हरांत यांनी दोन गडी काढले आणि तिसऱ्याचा झेल सुटला. सातव्या ओव्हरला बोट पुन्हा फाटलं. मग मार. गिरणीच्या साहेबांनी कामठीचा एक उंच, जोरात टाकणारा गडी घेतला. त्यांचंही काही चुकलं नाही. काळं, रक्त गळणारं बोट बघून कोण नोकरी देईल?

यांनी घरी येऊन हात धुतले, जेवले, झोपले. सकाळी पेटीतून चेंडू काढला आणि सासऱ्यांच्या मागासमोर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बोट बरं झालं का वजरी काढजो. बाकीचंही साफ करून टाकू."

मी म्हणाले, "मी नाही करत."

मी सासऱ्यांशी तोवर समोरून बोललेच नव्हते. काही सांगायचं तर सासूमार्फत सांगायची. त्या दिवशी तिला मध्ये घेतलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि मागापाशी जाऊन उभी राहिले.

"मामाजी, तुमची अट त्या बोटाची होती. चार वर्षांच्या. ते बोट खेळलंच नाही. ते मी घासून टाकलं. जे खेळलं ते माझं बोट होतं, अन हरलं तेही माझंच हरलं. तुमच्या पोराची अट अजून बाकी हाय."

सासू म्हणाली, "अवं, चूप!"

सासऱ्यांनी विणायचा धोटा हातातच धरला होता. यांच्याकडे पाहिलं. "तुले काय म्हणायचं हाय?"

"मी कबूल केलं होतं बाबा," हे म्हणाले. "जे झालं ते झालं."

"तुले नाही समजत काही," सासरे म्हणाले. "ना रेशमाचं, ना चेंडूचं. हिले समजते." आणि पुन्हा विणायला लागले. तो चेंडू दिवसभर तिथेच पडून राहिला. झाडताना मी त्याच्या बाजूने झाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना मागावरून उठवलं. यांच्या मागावरचा रेशमाचा ताणा स्वतः सोडवला, गुंडाळला आणि बाजूला ठेवला. आपल्या मागावरचं आधी संपवून मग तो आपणच विणणार, म्हणाले. साठी उलटलेली, डोळ्यांना कमी दिसायचं, आणि दोन माणसांचं रेशीम एकट्याने विणणार. मग बाजारातून जाड सूत आणलं आणि यांच्या मागावर पंच्याचा ताणा चढवला. अंग पुसायचे पंचे!

"वर्षभर," यांना म्हणाले. "पंच्याले कुसळ लागत नाही. तुले पायजे तेवढा घट्टा वाढव. पुढच्या हिवाळ्यात घेतलं नाही तर मंग मी कोणाचं ऐकत नाही. हिचंही नाही."

गल्लीला हे कळायला दुपारही लागली नाही. ज्यांना त्यांनी जन्मभर पंचेवाले म्हणून चिडवलं ते एकेक जण दाराशी येऊन जायचे. "काय बापू, पंचा कधी मिळन? आंघोळ राहिली हाय." सासरे मान वर न करता म्हणायचे, "बस, पोरगा विणते. तोवर तुह्या घरचा आण, पाणी तरी टिपते का पाहू."

त्या वर्षात मी ते बोट हातात घेऊन कितीदा पाहिलं असेल, सांगता येत नाही. सकाळी हिरड्याचं पाणी, या वेळी पितळेच्या भांड्यात. दुपारी पंचे. मग धंतोली. कधी बोट सोलायचं, मग दोन दिवस सराव बंद आणि हे घरभर उगीच फिरायचे. मी म्हणायची, "विहिरीचं पाणी तरी काढा." हळूहळू कातडी जाड झाली. होळीनंतर घट्टा मसुरीच्या डाळीएवढा झाला, पावसाळ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा. सासूला मी रोज सांगायची, ती म्हणायची, "नातवाची वाट पाहून राहिली मी, अन ही मले डाळी सांगते."

पुढच्या हिवाळ्यात गिरणीने यांना घेतलं. त्या मॅचमध्ये किती गडी काढले ते मी सांगणार नाही, कारण यांनी सांगितलेला आकडा दरवेळी वेगळा असायचा. हजेरी सूतखात्यात लागली. पहिल्या दिवशी हे गिरणीत निघाले तेव्हा सासरे मागावरच होते. "जाय," एवढंच म्हणाले. यांनी गिरणीचं कापड म्हणून मिळालेलं धोतर घरी आणलं, ते सासऱ्यांनी बोटांत धरून पाहिलं आणि परत दिलं.

दोन-तीन महिन्यांनी गिरणीची एक मोठी मॅच होती, बाहेरगावच्या टीमशी. सासरे सकाळी म्हणाले, "चाल, पाहून येऊ." मला वाटलं, सासूला म्हणतात. मलाच म्हणत होते. आम्ही दोघं चालत गेलो, ते पुढे, मी दहा पावलं मागे. मैदानाच्या दोरीपाशी गवतावर बसलो. बायका जवळजवळ नव्हत्याच. मधे काथ्याची चटई अंथरली होती, तिच्यावर चेंडू टाकायचा. खेळ सुरू व्हायच्या आधी सासरे दोरी ओलांडून सरळ चटईपर्यंत गेले, वाकले आणि तिला हात लावून आले. कोणीतरी मागून ओरडत होतं. परत येऊन म्हणाले, "वीण सैल हाय. कोणाकडून घेतली?"

यांच्या हातात चेंडू दिला तेव्हा मी पदर मागे सारून पाहायला लागले. तोवर मी यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. चार पावलं चालत यायचे, जणू कोणाच्या दारी निरोप द्यायला आलेत, आणि चेंडू वर सोडायचे. अलगद. पहिला गेला. दुसऱ्याला त्या माणसाने पुढे येऊन असा मारला की तो आमच्या डोक्यावरून रस्त्यावर गेला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. माझ्या शेजारचा एकजण ओरडला, "काढा बे याले! पिपाण्या वाजवायला ठेवला का?"

"बस खाली," मी म्हणाले. "नवरा हाय माहा."

तो बसला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "आता काढून टाकन का गिरणी त्याले?"

"नाही मामाजी. समोरच्यानं मारावा म्हणूनच असा वर टाकतात. मारायला पुढे आला का फसते."

"म्हणजे मार खायचा पगार देते?"

"हावो."

तिकडे यांनी चेंडू धोतराला... नाही, आता पँटला पुसला, आणि पुढचा आधीच्यापेक्षाही वर टाकला. तोही मारला. त्याच्या पुढचाही. त्या दिवशी यांना एकही गडी मिळाला नाही. ओव्हर संपली की हे टोपी घेऊन आपल्या जागेवर जाऊन उभे राहायचे, पुन्हा बोलावलं की यायचे. गिरणीच्या कप्तानाने यांना तीनदा काढलं आणि तीनदा परत बोलावलं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. मला स्वयंपाक होता. सासरे रस्त्यात थांबले, मी जवळ येईपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "त्याले राग नाही येत का वं?"

"येते," मी म्हणाले. "पण घरी येऊन निघते, माह्यावर."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि चालायला लागले.

संध्याकाळी हे आले, जेवले. उद्याची हजेरी सकाळी सातची होती. डबा किती वाजता हवा ते सांगितलं आणि झोपले.